दोन औषधे हरली, पुढे काय? मिरगीचे ऑपरेशन आणि कर्जत-खालापूरचा हक्क

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कर्जत स्थानकाच्या फलाटावर सकाळची गर्दी होती, गाडी लागायची होती. विशीतला एक तरुण उभ्या उभ्या कोसळला. आधी अंग ताठ झाले, मग हातापायांना झटके, तोंडाला फेस. क्षणात कडे जमले आणि त्या कड्यातल्या तिघा-चौघांचा हात एकाच वेळी आपल्या पायाकडे गेला. कुणी चप्पल काढली, कुणी बूट काढला आणि त्या पोराच्या नाकाला लावला. एकाने त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. दुसरा दातांमध्ये घालायला चमचा शोधत होता. त्याची आई मात्र लेकाचे डोके मांडीवर घेऊन शांत बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, चप्पल बाजूला करा. दोन मिन्टांत थांबंल. अकरा वर्सं बघतेय मी."

पोरगा सावध झाल्यावर मी त्या माउलीशी बोललो. गोळ्या चालू आहेत का? "चार परकारच्या हायेत. एक दिवस चुकवली नाय." तरी फिट येते? "म्हैन्याला पाच-सहा." खोपोलीजवळच्या एका कारखान्यात तो ठेकेदारीवर कामाला होता. मशीनजवळ एकदा पडला आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने घरी बसवले. मी विचारले, मावशी, ऑपरेशनबद्दल कुणी काही बोलले का? ती माझ्याकडे बघतच राहिली. "मिरगीचं ऑपरेशन असतंय व्हय, वकीलसाहेब?"

आजचा लेख या एका प्रश्नासाठी आहे. अकरा वर्षांत ती बाई भगताकडे गेली, सरकारी दवाखान्यात गेली, खाजगी डॉक्टरकडे गेली. तिने अंगारा लावला, उतारे टाकले, दागिना मोडला. पण मिरगीवर शस्त्रक्रिया असते ही गोष्ट तिला कुणी सांगितली नाही. ज्ञान कुणापर्यंत पोहोचवायचे आणि कुणापर्यंत नाही, हे या देशात कोण ठरवत आले, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

आधी त्या चपलेचे बघू. मेंदूतील पेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युत संदेशांनी बोलतात. हे संदेश एकाएकी बेशिस्त होऊन उसळले की झटका येतो. तो बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप शमतो. तेवढ्यात कुणी चप्पल लावलेली असते, म्हणून श्रेय चपलेला जाते! कांदा, किल्ली, लोखंड, सगळ्यांचे श्रेय असेच फुकटचे आहे. यात नुसते अज्ञान नाही, अपमानही आहे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडाला पायातले वहाण लावायचे आणि त्याला उपचार म्हणायचे! डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, हे प्रकार त्याच्या अनुसूचीत गुन्हा म्हणून लिहिलेले आहेत. कायदा पुस्तकात आला. फलाटावर तो अजून यायचा आहे.

फिट आलेल्या माणसासाठी करायचे ते अगदी थोडे आहे. घड्याळ बघा. डोक्याखाली मऊ काही ठेवा. धारदार वस्तू, चूल, पाणी यांपासून त्याला दूर करा. झटके ओसरू लागले की कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नको. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर १०८ ला फोन करा. ती जिवावरची वेळ असते.

आता मूळ मुद्दा. मिरगी म्हणजे अपस्मार हा औषधाने आटोक्यात येणारा आजार आहे. योग्य औषध नियमित मिळाले तर सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांवाचून जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, व्हॅल्प्रोएट ही जुनी औषधे आणि लेव्हेटिरासिटॅम हे नवे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. म्हणजे बहुसंख्यांचा प्रश्न गोळी वेळेवर आणि न चुकता मिळण्याचा आहे. तो प्रश्न लहान नाही. गोळी दोन दिवस चुकली की झटका येतो, आणि वाडीवरच्या माणसाला औषध संपल्याचे कळते तेव्हा तालुक्याच्या गावाला जायची एसटी निघून गेलेली असते.

पण उरलेल्या ३० टक्क्यांचे काय? ग्लासगो शहरात ४७० नव्या रुग्णांचा अभ्यास झाला. तो २००० साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. पहिल्याच औषधाने ४७ टक्के रुग्णांचे झटके थांबले. दुसऱ्या औषधाने आणखी १३ टक्क्यांचे थांबले. तिसरे औषध किंवा औषधांची जोडी देऊन जेमतेम ४ टक्के वाढले. याचा अर्थ सरळ आहे. नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत आणि नेमाने घेतलेली दोन औषधे हरली की तिसरी, चौथी, पाचवी गोळी झटके पूर्ण थांबवील ही आशा फार थोडी उरते. म्हणूनच २०१० साली आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने व्याख्या ठरवली की, अशी दोन औषधे अपयशी ठरली तर तो 'औषधाला न जुमानणारा अपस्मार' समजावा. अशा रुग्णाला वेळ न घालवता विशेष केंद्राकडे पाठवून शस्त्रक्रिया शक्य आहे का, हे तपासावे, असा तज्ज्ञांचा आग्रह आहे.

आम्हा वकिलांना मुदतीचा कायदा पाठ असतो. १९६३ च्या त्या कायद्याप्रमाणे दावा कितीही खरा असो, मुदत टळली की हक्क हातचा जातो. मेंदूचाही एक मुदतीचा कायदा आहे. वर्षानुवर्षे झटके येत राहिले की स्मरणशक्ती झिजते, शाळा सुटते, नोकरी जाते, लग्न मोडते. चुलीत, विहिरीत, पाताळगंगेच्या किंवा उल्हास नदीच्या पात्रात माणूस जातो. शिवाय झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका असतो. मिरगी असलेल्या प्रौढांमध्ये वर्षाला हजारी एक असे त्याचे सर्वसाधारण प्रमाण धरतात. झटके आटोक्यात नसलेल्यांत तो याहून पुष्कळ अधिक आहे. मुदत चालू होते ती दुसरे औषध हरल्याच्या दिवशी. आणि आमचा माणूस त्या दिवशी काय करतो? डॉक्टर बदलतो, किंवा भगत बदलतो.

यात एक विदारक विसंगती आहे. शस्त्रक्रियेने बरी होण्याची शक्यता सर्वांत जास्त असलेल्या मिरगीपैकी एक प्रकार कानाजवळच्या आतल्या भागातून, म्हणजे मेंदूच्या टेम्पोरल भागातून उठतो. तिथला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग सुकून घट्ट झालेला असतो. पुष्कळदा लहानपणी तापात आलेल्या लांबलेल्या झटक्याचा इतिहास त्यामागे असतो. पण हा झटका लोकांना मिरगीसारखा दिसतच नाही. पोटातून काहीतरी वर चढते, एकदम भीती वाटते, हे सगळे पूर्वी घडून गेल्यासारखे वाटते. मग माणूस टक लावून बघत राहतो, ओठ चाटतो, कपड्याशी चाळा करतो, हाकेला ओ देत नाही. दोन मिनिटांनी भानावर येतो आणि त्याला काही आठवत नाही. बाईला असे झाले की घरचे म्हणतात लागीर झाले, वारे आले. म्हणजे शल्यविशारदाच्या टेबलावर ज्याने सर्वांत आधी जायला हवे, त्याला आपण भगताच्या पाटावर सर्वांत आधी बसवतो.

आणि ही शस्त्रक्रिया काही कालपरवाची नाही. लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सली यांनी १८८६ साली ती केली. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी १९५२ साली केली. संविधान लागू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून डॉ. के. राधाकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कार्यक्रम नेटाने चालवला आणि श्रीमंत देशांच्या मानाने फार कमी खर्चात तो होऊ शकतो हे दाखवून दिले. मुंबईत परळच्या महापालिकेच्या के.ई.एम. रुग्णालयात या तपासण्या आणि शस्त्रक्रिया होतात. कर्जतच्या माणसाला परळ परके नाही. कॅन्सर म्हटला की टाटा, आणि टाटा म्हटले की परळ, हे वाडीवरच्या म्हातारीलाही ठाऊक आहे. त्याच परळमध्ये मिरगीचाही दरवाजा आहे, हे मात्र तिला कुणी सांगितलेले नाही.

उपयोग किती होतो? कॅनडात ८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकावी तशी दोन गटांत विभागणी करून एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ साली आले. टेम्पोरल भागाची शस्त्रक्रिया ज्या गटाला मिळाली त्यातील ५८ टक्के रुग्ण वर्षाअखेर शुद्ध घालवणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. नुसत्या गोळ्यांच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये ११६ मुलांवर अशीच चाचणी झाली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी ७७ टक्के वर्षभरानंतर झटकेमुक्त होती, तर गोळ्यांवर ठेवलेल्यांपैकी ७ टक्के. त्या चाचणीतला दुसरा गट कोणता होता? शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीवर वर्षभर थांबलेल्या मुलांचा! या देशात रांगेत उभे राहणे आणि उपचार न मिळणे या दोन गोष्टी किती जवळ आहेत, ते यावरून समजावे.

मात्र चळवळीच्या माणसाने अर्धे सत्य सांगू नये. ते सांगायला भगत पुष्कळ आहेत. 'एम्स'च्या त्याच चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्या ५७ पैकी १९ मुलांना गंभीर दुष्परिणाम झाले. काहींच्या अंगाची एक बाजू कमजोर झाली. त्या प्रकारच्या मोठ्या शस्त्रक्रियेत ती शक्यता डॉक्टरांनी आधीच धरलेली असते. टेम्पोरल शस्त्रक्रियेनंतर काहींना शब्द, नावे आठवायला त्रास होतो. नजरेच्या वरच्या कोपऱ्यातले थोडे दिसेनासे होऊ शकते. आणि प्रत्येकाची शस्त्रक्रिया होऊ शकतही नाही. खालापूर तालुक्यातल्या एका वाडीवरची चोविशीतली मुलगी, नवऱ्याने माहेरी आणून सोडलेली, माझ्याकडे पोटगीच्या कामासाठी आली होती. तिचीही तपासणी करून घेतली. झटके मेंदूच्या दोन्ही बाजूंनी उठत असल्याचे निघाले आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितले. पण त्या तपासणीत तिच्या गोळ्यांची निवडच चुकीची असल्याचे दिसले. गोळ्या बदलल्या आणि आठवड्याचे झटके महिन्यावर आले. म्हणून मी 'शस्त्रक्रियेचा हक्क' म्हणत नाही, 'शस्त्रक्रियेसाठी तपासणीचा हक्क' म्हणतो. खरोखर औषध हरले आहे, की गोळी चुकते आहे, की निदानच चुकले आहे, हेही तिथेच उघड होते.

ही तपासणी म्हणजे काय, हे घरच्यांना माहीत असले पाहिजे. बारीक छेदांचा खास एमआरआय होतो. स्मरणशक्ती आणि भाषेची चाचणी होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्हिडिओ ईईजी. रुग्णाला काही दिवस दाखल करून डोक्याला तारा लावतात, समोर कॅमेरा असतो आणि डॉक्टर गोळ्या मुद्दाम कमी करतात. झटका यावा आणि तो मेंदूच्या कोणत्या कोपऱ्यातून उठतो ते टिपावे, हा हेतू. ज्या गोष्टीला घर अकरा वर्षे भीत आले, तीच गोष्ट इथे मागून घ्यायची असते.

इथे सिस्टरचे काम सुरू होते, आणि त्याबद्दल कुणी फारसे लिहीत नाही. झटका सुरू झाला की परिचारिकेने काही सेकंदांत खाटेजवळ पोहोचायचे, बटण दाबून वेळ नोंदवायची, पांघरूण बाजूला करायचे आणि कॅमेऱ्याच्या आड यायचे नाही. रुग्णाला नाव विचारायचे, एखादी वस्तू दाखवायची, एक शब्द लक्षात ठेवायला सांगायचा. मान कुठे वळली, कोणता हात आधी ताठरला, बोलणे किती वेळाने परत आले, हे टिपायचे. बोलणे लवकर आले की उशिरा, यावरून झटका भाषेच्या बाजूचा की पलीकडचा याचा अंदाज बांधता येतो. त्याच वेळी कुशीवर वळवायचे, तोंडातली लाळ ओढून घ्यायची, ऑक्सिजन लावायचा, सलाइनची सुई आधीपासून तयार ठेवायची आणि पाच मिनिटे उलटत असतील तर झटका थांबवणारे इंजेक्शन डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे द्यायचे. सर्जनच्या सुरीची दिशा ठरवण्यात सिस्टरच्या त्या चार ओळींच्या नोंदीचा वाटा असतो.

शस्त्रक्रियेनंतर तासातासाला शुद्ध, डोळ्यांच्या बाहुल्या, हातापायांची ताकद आणि बोलणे तपासायचे असते. ताप, जखमेतून पाणी येणे, वाढती डोकेदुखी यांवर नजर ठेवायची असते. पहिल्या आठवड्यात एखादा झटका आला म्हणजे ऑपरेशन फुकट गेले असे नसते, हे घाबरलेल्या आईला समजावणारी तीच असते. काही रुग्णांना ऑपरेशन यशस्वी होऊनही नंतर उदासी घेरते. आयुष्यभर आजाराभोवती बांधलेले घर एकदम मोकळे होते तेव्हा माणूस गोंधळतो. तेही तिलाच आधी दिसते. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंनी प्राण ठेवला. त्यांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात परिचारिकेला आजही 'हाताखालची' समजले जाते. आजाऱ्याचे अंग पुसणे, लाळ-लघवी काढणे हे हलके काम, ही समजूत कोणत्या व्यवस्थेतून आली ते वेगळे सांगायची गरज आहे काय?

रुग्णालयातून घरी आल्यावर सिस्टरची जागा आई घेते, किंवा बायको, किंवा बहीण. तिला ना पगार, ना शिक्षण. ऑपरेशन झाले म्हणजे गोळ्या संपल्या, असा समज घेऊन माणसे घरी येतात आणि गोळ्या बंद करतात. ही घोडचूक आहे. झटके थांबले तरी गोळ्या बहुधा वर्ष-दोन वर्षे चालतात, आणि कमी करायच्या त्या डॉक्टरांनीच. विहिरीवर, तळ्यावर एकटे जाऊ नये. न्हाणीला आतून कडी लावू नये. चुलीपाशी एकटे बसू नये. गाडी चालवण्याच्या परवान्याच्या अर्जातच मिरगी आहे का, हा प्रश्न असतो. तिथे खोटे लिहून मोटारसायकल घेणारे पोरगे स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव टांगतात. वाडीवर हे सांगायला कोण जाते? आशाताईंना गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग यांचे रजिस्टर असते. मिरगीचे रजिस्टर निदान मी तरी पाहिलेले नाही.

रजिस्टर असते तर काय दिसले असते? २०११ च्या जनगणनेप्रमाणे कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके मिळून लोकसंख्या चार लाखांवर. भारतातल्या पाहण्यांतून हजारी पाचाच्या आसपास मिरगीचे प्रमाण निघते. त्या हिशेबाने इथे दोन हजारांवर माणसे. त्यांतली तिसरा हिस्सा म्हणजे साडेसहाशे औषधाला न जुमानणारी. त्यांपैकी चौथ्या हिश्श्याचीच शस्त्रक्रिया शक्य आहे असे धरले, तरी दीडशेच्या वर माणसे. हा माझा कागदावरचा हिशेब आहे. शासनाने मोजून तो खोटा ठरवावा, मला आनंदच होईल. कर्जतहून मुंबई सीएसएमटी रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटर, दोन तासांची गाडी. दोन तासांचे हे अंतर कापायला आमच्या माणसाला अकरा वर्षे लागली, ती रेल्वेमुळे नाही लागली. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्याकडे जाणारी चिठ्ठी कुणी लिहिलीच नाही, म्हणून लागली.

पैशाचे काय? मजुराच्या घरी पहिला प्रश्न हाच. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्व कुटुंबांसाठी खुली करून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देण्याचे ठरले. नाव फुल्यांचे, तेव्हा जाब विचारण्याचा पहिला अधिकार आपला. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते, व्हिडिओ ईईजीचे दिवस त्यात धरतात की नाही, हे दाखल होण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावे. रोजची गोळी, येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी मात्र ही योजना देत नाही. पुष्कळ कुटुंबे मोडतात ती ऑपरेशनच्या बिलाआधी, या किरकोळ वाटणाऱ्या खर्चातच.

दुसरा मार्ग कायद्याचा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ एए आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. मुंबई-पुण्यातली मेंदूविकाराची कित्येक नावाजलेली रुग्णालये धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकाकडे जावे. नकार मिळाला तर तो लेखी मागावा आणि धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करावी. ही खैरात नाही. करसवलती आणि सवलतीच्या जमिनी घेणाऱ्या संस्थांवरचे हे बंधन आहे. आणि ज्यांच्या पगारातून ईएसआयचा हप्ता कापला जातो त्यांनी तो हक्क वापरावा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ साली कामगारांच्या आरोग्य विम्याच्या आखणीचे काम सुरू झाले आणि त्यातून १९४८ चा कायदा उभा राहिला. ठेकेदार नाव लावत नसेल तर भांडण तिथून सुरू करावे.

मुलांसाठी तर दरवाजा आधीच उघडा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या शेजारच्या पालघरमधून देशभर सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत येऊन तपासणाऱ्या पथकांच्या यादीत झटक्यांचा आजार लिहिलेला आहे, आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला पुढे पाठवण्याची सोय आहे. पण शाळेत फिट येणाऱ्या पोराला गुरुजी 'घरी ठेवा' म्हणतात, आणि पथक येते त्या दिवशी ते पोर शाळेतच नसते!

कायद्यातही एक भगदाड आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत. चेतासंस्थेच्या दीर्घ आजारांत पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मिरगीचे नाव स्वतंत्रपणे नाही. म्हणून त्या ठेकेदारावर या कायद्याचा बडगा मला उगारता आला नाही. कायदा बदलतो, पण मागे लागावे लागते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात, जो बौद्धांनाही लागू आहे, वेडाच्या झटक्यांच्या पंगतीत अपस्मार बसवला. या आजाराची माणसे, डॉक्टर आणि त्यांच्या संघटना लढल्या, तेव्हा कुठे १९९९ साली तो शब्द हिंदू विवाह आणि विशेष विवाह या दोन्ही कायद्यांतून गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले की मिरगी हा असाध्य आजार नाही आणि तो घटस्फोटाचे कारण होऊ शकत नाही. आपल्या लेकीला मिरगी आहे म्हणून सोडचिठ्ठीच्या कागदावर मुकाट्याने अंगठा देणाऱ्या बापांनी हे लक्षात ठेवावे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. मात्र लग्न ठरवताना आजार लपवू नये. लपवाछपवीतून फसवणुकीचा दावा उभा राहतो, आणि गोळ्या लपवून घेताना त्या चुकतात.

आता मागण्या. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि कशेळे, चौकच्या ग्रामीण रुग्णालयांत महिन्यातून ठरल्या वाराला मिरगीची ओपीडी हवी. या औषधांचा साठा एक दिवसही खंडता कामा नये. प्रत्येक तालुक्यात एक प्रशिक्षित सिस्टर या रुग्णांची नोंद ठेवणारी आणि ऑपरेशननंतर घरी जाऊन पाहणारी हवी. इंग्लंडमध्ये अपस्मारासाठी खास परिचारिका असतात, मग आपल्याकडे का नकोत? आणि सर्वांत महत्त्वाचे, केसपेपरवर दुसरे औषध हरल्याची नोंद होताच पुढच्या केंद्राची चिठ्ठी त्याच दिवशी लिहिली गेली पाहिजे. तोवर आपल्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे. विहारात, वस्तीत, वाडीवर विचारावे, कुणाला फिट येते का? किती औषधे झाली? दोनवर गेली असतील तर सगळे जुने कागद एका पिशवीत घालावेत, झटका येताना मोबाइलवर त्याचे चित्रण करून ठेवावे, आणि त्या घरच्या माणसाबरोबर स्वतः गाडीत बसावे. पहिल्या खेपेला सोबत लागते. दुसऱ्या खेपेला ती माणसे आपली आपण जातात.

फलाटावरच्या त्या पोराचे सांगायचे राहिले. मुंबईतल्या रुग्णालयाची तारीख मिळायलाच आठ महिने गेले. सहा दिवसांच्या तपासणीत झटक्याचे मूळ उजव्या टेम्पोरल भागात सापडले आणि शस्त्रक्रिया झाली. त्याला दोन वर्षे उलटून गेली, फिट आलेली नाही. चारऐवजी दोन गोळ्या चालू आहेत. मोटारसायकल अजून हाती घेतलेली नाही. कारखान्यात त्याला परत घेतले नाही. तो आता नेरळला एका दुकानात हिशेब लिहितो. परवा त्याची आई भेटली. म्हणाली, "वकीलसाहेब, अजून रातीला दचकून उठते मी. तो गाढ झोपलेला असतो." अकरा वर्षे जागलेल्या त्या बाईला झोप लागायला अजून वेळ लागेल. पण या दोन तालुक्यांत आज रात्री अशा कितीतरी आया जाग्या आहेत, आणि त्यांना अजून कुणी सांगितलेले नाही की मिरगीचे ऑपरेशन असते.

ते सांगायला आजपासून सुरुवात करू या. जयभीम!